कायमचा पत्ता

हिमानी: हे वाक्य मी नाही लिहिणार, बाबा.

अवधूत: कुठलं?

हिमानी: लेटरच्या तिसऱ्या पॅराग्राफमधलं शेवटचं. 'डिग्री झाल्यावर भारतातल्या माझ्या घरी परत जायचा माझा पक्का विचार आहे.' कुठलं घर? माझी सगळी शाळा इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये झाली. आलो तेव्हा मी तीन वर्षांची होते.

अवधूत: माहितेय बाळा. विमानात डेट्रॉइटपर्यंत माझ्याच मांडीवर झोपली होतीस. पण स्टुडंट व्हिसा हवा असेल तर हे वाक्य लागतं. त्यांच्या लेखी विद्यार्थी म्हणजे पाहुणा. शिकून झालं की जाणार, हे त्यांना पटवून द्यावं लागतं.

शुभा: आधी थालीपीठ खा दोघं. गार झालं की चिवट होतं, मग माझ्या नावानं बोटं मोडाल.

हिमानी: आई, नॉट नाऊ.

शुभा: नाऊच. उपाशीपोटी फॉर्म जास्तच वाकडे दिसतात.

अवधूत: हिमानी, पॉइंट नंबर एक. आज शनिवार आहे आणि गुरुवारी तुझा वाढदिवस. एकवीस पूर्ण झाली की तुला आमच्या व्हिसावर राहता येत नाही. माझ्या ग्रीन कार्डच्या फाइलमधूनही तुझं नाव गळतं. त्याआधी हा अर्ज जायला पाहिजे. पॉइंट नंबर दोन...

हिमानी: वेट. पॉइंट वनवरच थांब. समजा पुढच्या वर्षी तुझा नंबर लागला. तुला ग्रीन कार्ड मिळणार, तुझी बायको म्हणून आईला मिळणार. आणि मला?

अवधूत: आईवडिलांबरोबर मुलालाही मिळतं. पण मूल म्हणजे एकवीसच्या आतलं, लग्न न झालेलं. गुरुवारनंतर कायद्याच्या हिशोबात तू आमचं मूल नाहीस.

शुभा: कायद्याला म्हणावं, परवा मी बाहेर होते तर हिनं घरातनं मला फोन केला होता, लाल कुर्ता पांढऱ्या कपड्यांत टाकला तर चालेल का म्हणून.

हिमानी: आई!

शुभा: टाकलासच ना पण शेवटी? तुझ्या बाबांचे बनियन अजून गुलाबी आहेत.

हिमानी: आणि आर्य? तो इथे जन्मला म्हणून त्याला काहीच नको. तो तिकडे सॉकर खेळतोय आणि मी इथे बसून लिहितेय की मी जाणारे.

अवधूत: आर्य एकवीसचा झाला की बहीण म्हणून तो तुझ्यासाठी अर्ज करू शकतो.

हिमानी: बाबा, ही इज थर्टीन.

अवधूत: हो. आठ वर्षं ती. आणि भावाबहिणींची रांग अजून पंधरा-वीस वर्षांची.

हिमानी: म्हणजे मी जवळजवळ पन्नास.

शुभा: आणि तो लक्षात ठेवेल होय तोवर? रोजचा डबा शाळेत विसरून येतो.

अवधूत: शुभा, चेष्टा नको ना आत्ता.

शुभा: मग काय करू? रडू? रडायचं तर सांगा, तेही येतं मला. चार दिवस झाले, न्हाणीघरात नळ सोडून तेच करतेय.

हिमानी: आई...

शुभा: काही नाही. खा तू. लोणी घे.

अवधूत: कुमारकाकांच्या ईशानचं असंच झालं होतं. तो गेला टोरंटोला. चांगला आहे तिकडे.

शुभा: तो चांगला आहे, पण काकूंची दशा बघवत नाही. दर शुक्रवारी पाच तास गाडी हाणत जातात, मागे डबे घेऊन. मागच्या वेळी सरहद्दीच्या पुलावर त्यांची कढी सांडली आणि त्या अधिकाऱ्यापुढेच रडायला लागल्या. तो बिचारा घाबरला, म्हणाला मॅडम, इट्स ओन्ली सूप.

हिमानी: मला नाही जायचं टोरंटोला. हॉस्पिटलच्या पाचव्या मजल्यावर मी दोन वर्षं व्हॉलंटियर करतेय, कारण आपल्या व्हिसावर मला पगार घेता येत नाही. रुही माझ्याच वर्गातली, तिला त्याच कामाचा पगार मिळतो. मला विचारतात सगळे, तू का नाही घेत जॉब? मी म्हणते, पेपरवर्क आहे. हेड नर्स म्हणाली, पास हो आणि सरळ माझ्याकडे ये, तुझी जागा धरून ठेवलीये. तिला काय सांगू? की मी पाहुणी आहे?

अवधूत: शिकून झाल्यावर एक वर्ष काम करता येतं स्टुडंट व्हिसावर.

हिमानी: आणि नंतर?

अवधूत: नंतर बघू.

हिमानी: हे 'नंतर बघू' मी आठवीपासून ऐकतेय.

अवधूत: पुढचा प्रश्न घेऊया. वाच.

हिमानी: 'तुम्ही कधी कायम राहण्यासाठी अर्ज केला आहे का?' यस ना? 2014 पासून आपण लाइनमध्ये आहोत.

अवधूत: नो लिही.

हिमानी: पण...

अवधूत: रांगेत माझ्या कंपनीनं मला उभं केलंय. तू आणि आई माझ्या मागे. तुमचे अर्ज नंबर आल्यावर भरायचे असतात. तुझा कधी भरलाच नाही.

हिमानी: कारण नंबर कधी आलाच नाही.

अवधूत: नो लिही, हिमानी.

हिमानी: ओके. नो. पुढे काय?

अवधूत: पुरावे. तिकडे आपलं घर आहे, माणसं आहेत, तू परत जाणार आहेस. एक, आजीचं पत्र.

शुभा: ते आलंय. संजीवमामानं सकाळीच फोटो पाठवलाय. आईनं स्वतःच्या हातानं लिहिलंय. वाचू? 'माझी नात हिमानी हिच्यासाठी वरची खोली राखून ठेवली आहे. ती शिक्षण पूर्ण करून आमच्याकडे राहावयास येणार आहे. कळावे, सरला.' आणि खरंच ठेवलीये हं राखून. मामा म्हणाला, खोलीतली ज्वारीची पोती खाली काढली, भिंतीला चुना मारला. कपाटाला आरसा लावून घेतलाय.

हिमानी: का?

शुभा: का म्हणजे? तू येणारेस म्हणून.

हिमानी: आई, तू तिला सांगितलं नाहीस? की हे फक्त फॉर्मसाठी आहे?

शुभा: सांगितलं की. दोनदा सांगितलं. ती म्हणते, कागदासाठी तर कागदासाठी, पोर येतेय ना?

हिमानी: ओ गॉड.

शुभा: अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला ऐकायचं तेवढंच ऐकू येतं.

हिमानी: मग मी या समरमध्ये जाऊन येते. दोन आठवडे. तिला भेटते, समजावते.

अवधूत: नाही जाता येणार. अर्ज चालू असताना देश सोडलास तर अर्ज रद्द.

हिमानी: किती दिवस चालेल अर्ज?

अवधूत: सहा महिने. आठ. एक वर्षही लागलंय काहींना.

हिमानी: म्हणजे मी परत जाणार आहे हे प्रूव्ह करायचं, म्हणून मी कुठे जायचंच नाही?

शुभा: तुझ्या डोक्यात शिरलं तर मलाही सांग. माझ्या अजून शिरलेलं नाही.

अवधूत: नियम आहे तो. चला. दोन, माझ्या नावावरची तिकडची जमीन. तीन, बँकेचं पत्र. चार, पासपोर्ट. पाच, जन्माचा दाखला. तो मी काढून देतो.

हिमानी: निळ्या फोल्डरमध्ये आहे ना? हे काय, इथेच आहे.

अवधूत: दे इकडे. तू नको उघडूस, माझा क्रम बिघडतो.

हिमानी: मी घेते रे. बर्थ सर्टिफिकेट... हे बघ. ओह, दोन आहेत. एकावर माझं नावच नाहीये. आईचं आहे, तुझं आहे, फीमेल आहे. नावाची जागा ब्लँक.

अवधूत: तो जुना आहे. दुसरा घे आणि फोल्डर दे.

हिमानी: ब्लँक का?

शुभा: पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तू आजीकडे झालीस. दवाखान्यातनं तिसऱ्या दिवशीच नोंद गेली. नाव कुठनं लिहिणार? बारसं कुठं झालं होतं? तुझे बाबा तेव्हा इथेच होते, डेट्रॉइटच्या प्रोजेक्टवर. सासूबाई म्हणाल्या, बाप आल्याशिवाय बारसं नाही. बाप आला मे महिन्यात. तोवर तीन महिने सगळे तुला 'बाळी' म्हणत होते. मग नाव ठेवलं, पेढे वाटले, पण त्या कागदावर घालायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

हिमानी: आणि दुसऱ्यावर आहे. हिमानी. इश्यूड... अकरा ऑक्टोबर, ट्वेंटी ट्वेंटी-टू. हे इतकं लेट का केलं?

अवधूत: लागतो कधीतरी. म्हणून करून ठेवला.

हिमानी: आणि हे खाली काय आहे? ईमेल आहे, प्रिंट केलेला. लॉयरचा.

अवधूत: हिमानी, ते राहू दे.

हिमानी: 'तुमची तारीख चालू झाली आहे. चौघांपैकी तिघांचे अर्ज याच आठवड्यात पाठवावेत. मुलीच्या दाखल्याऐवजी दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं पुरतील. कृपया थांबू नका.' जून, ट्वेंटी ट्वेंटी-टू. बाबा, तारीख चालू झाली म्हणजे काय?

(कढईखालचा गॅस बंद झाल्याचा आवाज येतो.)

शुभा: अहो, सांगा आता.

अवधूत: म्हणजे नंबर आला.

हिमानी: आपला नंबर आला होता?

अवधूत: त्या वर्षी रांग अचानक पुढे सरकली. मे ते सप्टेंबर. पाच महिने. मग परत मागे गेली, ती आपल्यापर्यंत अजून आलेली नाही.

हिमानी: तू मला सांगितलंस की लाइन मागे गेली.

अवधूत: मागेच गेली.

हिमानी: पुढे आली होती हे नाही सांगितलंस!

अवधूत: नाही. तेवढं नाही सांगितलं.

हिमानी: तेव्हा पाठवला असता अर्ज, तर?

अवधूत: तुझं वय तिथेच थांबलं असतं. सतरा. मग कितीही वेळ लागला असता तरी तू आमच्या फाइलमध्ये राहिली असतीस. त्या उन्हाळ्यात ज्यांनी पाठवले, त्यांची कार्डं आली. माझ्या कंपनीतल्या शंतनूच्या घरी चौघांची आली.

हिमानी: मग का नाही पाठवलास?

अवधूत: दाखल्यावर नाव नव्हतं.

हिमानी: पण लॉयरनं लिहिलंय की चालेल!

अवधूत: मला पटलं नाही. कोरा दाखला, वर मामाचं आणि आजीचं प्रतिज्ञापत्र. एवढी महत्त्वाची फाइल आणि तिच्यात सुरुवातीलाच खोट. ती परत आली तर? नाकारली तर? वीस वर्षं प्लांटमध्ये क्वालिटी बघतोय मी. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो, डिफेक्ट दिसला की पार्ट पुढे ढकलायचा नाही. म्हटलं, दोन आठवड्यांत नाव घातलेला दाखला येईल, मग सगळं एकदम नीट पाठवू.

शुभा: दोन आठवडे! सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मूल पंधरा वर्षांच्या वर गेलं, आता नाव घालायला वरची परवानगी लागेल म्हणाले. ती आली तर साहेब रजेवर. साहेब आले तर गणपती आले. संजीवनं खेटे घालून चपला झिजवल्या. कागद इथं पोचला तेव्हा वरातीमागून घोडं.

अवधूत: एक ऑक्टोबरला रांग मागे गेली. दाखला निघाला अकराला. दहा दिवस.

हिमानी: आई, तुला माहीत होतं?

शुभा: होतं. रोज म्हणायचे मी, अहो, असेल तसा पाठवून द्या. रोज म्हणायचे. मग एक दिवस हे जेवता जेवता ताटावरनं उठून गेले, तेव्हापासून म्हणायची बंद झाले. भांडायला हवं होतं मी. वकिलाला मी फोन करायला हवा होता. पण फाइल म्हणजे यांचं खातं, असं धरून बसले.

हिमानी: तो समर मला आठवतो. तू मला ड्रायव्हिंग शिकवत होतास.

अवधूत: हो.

हिमानी: रोज संध्याकाळी. हायवेच्या ट्रॅफिकमध्ये मर्ज करायला मी घाबरायचे. रॅम्पच्या टोकाला जाऊन थांबायचे. तू काय म्हणायचास?

अवधूत: आठवत नाही.

हिमानी: आठवतं तुला.

अवधूत: म्हणायचो, गॅप दिसली की घे. मनासारखी गॅप कधीच येत नाही.

हिमानी: एव्हरी सिंगल डे म्हणायचास. आणि घरी येऊन तू तो ईमेल बघत बसायचास.

अवधूत: हो.

हिमानी: हाऊ कुड यू, बाबा?

अवधूत: मला नाही माहीत. प्लांटमध्ये चूक झाली की तिचं मूळ कारण शोधून लिहावं लागतं. चार वर्षं मी मनात तेच लिहितोय. बारसं लांबलं ते लिहून बघितलं, रजेवरचा साहेब लिहून बघितला. गणपतीसुद्धा लिहून बघितले. शेवटी माझंच नाव येतं.

हिमानी: मला सांगायचं तरी.

अवधूत: सांगून काय झालं असतं? तू ॲडमिशनच्या गडबडीत होतीस. वाटायचं, रांग परत पुढे येईल, तुझं एकवीस व्हायच्या आत येईल, मग सांगायची गरजच पडणार नाही. दर महिन्याला तारखा जाहीर होतात. मी आदल्या रात्रीपासून स्क्रीनसमोर.

शुभा: त्या दिवशी यांचा डबा भरलेला परत येतो. यांना वाटतं, ते मला कळत नाही. मी मुकाट्यानं ती भाजी रात्री परत गरम करते.

हिमानी: आय ॲम सो अँग्री. आणि तो राग कुठे ठेवू कळत नाही. तुझ्यावर ओरडावं तर तू असा बसलायस.

अवधूत: ओरड. मी कुठे जात नाही.

हिमानी: हो ना. तू नाही जात. मी जाते.

शुभा: हिमानी!

अवधूत: बोलू दे तिला. खरं आहे ते.

हिमानी: ...सॉरी.

अवधूत: सॉरी नको म्हणूस. तेवढं तरी नको म्हणूस.

शुभा: पाणी घे. घे गं. आणि तुम्हीही घ्या.

हिमानी: आज नाही पाठवला तर?

अवधूत: गुरुवारनंतर तू इथे बेकायदेशीर. आणखी वाट बघण्यात अर्थ नाही.

हिमानी: तू म्हणतोयस हे.

अवधूत: हो. मीच म्हणतोय.

हिमानी: दे लॅपटॉप इकडे. ते वाक्य... राहू दे. आहे तसं. पुरावा नंबर पाच, बर्थ सर्टिफिकेट. कुठलं स्कॅन करू?

अवधूत: नाव असलेलं.

हिमानी: ऑफकोर्स. यावर सगळं आहे ना. आईबाबांचं नाव, माझं नाव, गाव, शिक्का. मी तिकडचीच आहे, याचा एकदम पक्का पुरावा.

शुभा: बाई गं.

हिमानी: काय?

शुभा: काही नाही. शेवटी कामाला आला म्हणायचा.

हिमानी: झालं. अपलोडेड. बाबा, सबमिट करायच्या आधी लेटर परत एकदा वाचायचंय तुला? दुसऱ्या पॅरामध्ये एक कॉमा राहिलाय बहुतेक.

अवधूत: नको. असेल तसं जाऊ दे.

शुभा: आत्ता सुचलं हे यांना.

अवधूत: हो शुभा. आत्ता सुचलं.

हिमानी: थांबा, हे सबमिट होत नाहीये. एक बॉक्स राहिलाय, रेडमध्ये दाखवतंय. परमनंट ॲड्रेस, भारतातला. हा कोण भरायचं आतापर्यंत?

अवधूत: मीच भरायचो. तुमच्या सगळ्यांचे फॉर्म मीच भरायचो. दे, टाइप करतो.

हिमानी: नको. आता माझा फॉर्म वेगळा झाला ना. मी भरते. आई, आजीचा पत्ता सांग.

शुभा: आजीचा नको म्हणूस. या फॉर्मपुरता तरी तो तुझा आहे.

हिमानी: बरं. माझा पत्ता सांग.

शुभा: लिही. मारुतीच्या देवळामागे, ॲट पोस्ट हिंगणवाडी, जिल्हा...

हिमानी: हळू सांग, आई. मी पहिल्यांदाच लिहितेय.